गेमवर ढकललेला खून

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काय केलं, तर मटार सोलले. दुपारची जेवणं झाली होती, टीव्ही चालू होता आणि आम्ही टेबलाच्या दोन बाजूंना समोरासमोर बसलो होतो. तिचा हात भरभर चालायचा, माझा हळू. माझ्या शेंगेतला एखादा दाणा उडून खाली गेला की ती म्हणायची, "पेरताय का?" त्या दिवशीही म्हणाली.

हे टेबल म्हणजे खरं टेबल नव्हे. व्हिडिओ गेमचं मशीन आहे. वर जाड काच, काचेखाली पडदा, दोन बाजूंना दांडे आणि बटणं. दोघांनी समोरासमोर बसून खेळायचं. पडदा कधीच गेला. दांडे मीच काढून टाकले, गुडघ्याला लागायचे. तेव्हापासून आम्ही त्याच्यावर चहा पितो, भाजी निवडतो, औषधाच्या गोळ्या मांडतो. पितो म्हणजे प्यायचो. बोलण्याची सवय अजून जात नाही.

टीव्हीवर कुठल्यातरी गावची बातमी होती. एका मुलानं घरातल्या माणसाला मारलं, आणि तो मोबाईलवर गोळीबाराचा गेम खेळायचा. चार चौकोनांत चार माणसं ओरडत होती. एकाला गेमवर बंदी हवी होती, दुसऱ्याला सगळ्याच गेमवर हवी होती. टायवाला एक जण मुलांच्या मेंदूबद्दल बोलत होता. तिचे हात थांबले.

"परत तेच," ती म्हणाली.

"बंद करू का?"

"राहू द्या. त्या पोराच्या घरात काय चाललं होतं, ते कुणी विचारतंय का बघू."

कुणी विचारलं नाही. जाहिराती लागल्या.

"उद्या सकाळी जाते मी समोर," ती म्हणाली. "तिला म्हणते, आता तरी पोराला खरं सांग."

"इतकी वर्षं उद्याच जातेयस तू."

"उद्या खरंच जाते." मग पिशवीत राहिलेल्या शेंगांकडे बघून म्हणाली, "हे राहू देत. सकाळी सोलू. मी जरा पडते."

ती पडली, ती पडलीच. मी चहा करून उठवायला गेलो तेव्हा हात गार होता. डॉक्टरांनी हृदयाचं कारण लिहिलं.

आता समोर म्हणजे कोण, ते सांगतो. आमच्या बोळात समोरच्या इमारतीत एक बाई राहते. तिच्या मुलानं आपल्या बापाला मारलं होतं. त्या खटल्यात माझ्या बायकोनं खोटी साक्ष दिली, आणि ती द्यायला त्या बाईनंच लावलं होतं. मुलाला हे माहीत नाही. त्याला वाटतं, काकू आपल्या मनानं खोटं बोलल्या. माझ्या बायकोचं मागणं एवढंच होतं, की त्या आईनं मुलाला एक वाक्य सांगावं: मी सांगितलं म्हणून काकू तसं बोलल्या. दुसरं काही नको होतं तिला. पैसा नको, माफी नको. ते एक वाक्य ती जिवंत असेपर्यंत बोललं गेलं नाही.

पहिल्यापासून सांगतो.

कारखान्यानं मला घरी बसवलं तेव्हा माझी नोकरीची बरीच वर्षं बाकी होती. त्याला स्वेच्छानिवृत्ती म्हणायचे. इच्छा कुणाची, ते नावात लिहिलेलं नव्हतं. बाहेरच्या कंपन्या येणार, नवी यंत्रं येणार, जुनी माणसं नकोत. मी चौथी शिकलेला. दुसरीकडे कोण उभं करणार? नारायण पेठेत आमची खोली होती, तिचं दार रस्त्यावर उघडायचं. मी म्हणालो, पिठाची गिरणी घालू. ती म्हणाली, "गिरण्या पेठेत आहेत तेवढ्या पुरेत. पोरं गेम खेळायला पूल ओलांडून डेक्कनला जातात. ती इथं येतील."

तिला कुठून सुचलं देव जाणे. पण कारखान्याच्या पैशातून जुनी मशीनं आली. मी वायरी बघायचो, मशीन अडलं तर मेकॅनिकला बोलवायचो. बाकी सगळं तिचं. पितळेची टोकनं तिच्या मांडीवरच्या डब्यात असायची. नियमही तिचेच. चपला बाहेर. हात धुतल्याशिवाय बटणाला लावायचा नाही. शिवी दिली की त्या दिवसापुरता घरी. दहावीच्या पोरांना परीक्षेच्या महिन्यात आत घ्यायचीच नाही.

"काकू, तुम्ही दुकान चालवता की शाळा?" एकानं विचारलं होतं.

"शाळा असती तर तुला केव्हाच नापास केला असता. हात दाखव."

आम्हाला मूल नाही. त्याबद्दल बोळातल्या बायका काय बोलायच्या, ते पुढे येईल.

एक मशीन मारामारीचं होतं. दोन माणसं एकमेकांना हाणायची, लाथ बसली की रक्त उडायचं. गर्दी तिथेच. एक दिवस बोळातले तिघं जण तक्रार घेऊन आले. एक निवृत्त मुख्याध्यापक, एक औषधाचे दुकानदार, आणि तिसरा तो समोरचा गृहस्थ. तोच, जो पुढे मुलाच्या हातून मेला. गणपती मंडळाचा खजिनदार, कडक इस्त्रीचा, सगळ्यांशी गोड बोलणारा. सगळ्यात जास्त तोच बोलला.

"वहिनी, एवढं रक्त! कोवळी मनं असतात. मुलांवर काय परिणाम होतो याचा काही विचार?"

ती म्हणाली, "रक्त काढून टाकू."

तिला वाटलं होतं, निघतं. मेकॅनिकला विचारलं तर तो हसला. म्हणाला, बोर्डावर बारीक खटके असतात, त्यातला एक याच्यासाठीच दिलाय. रक्त जात नाही, पण रंग बदलतो. त्यानं खटका दाबला आणि रक्त हिरवं झालं. दोन दिवसांनी तिघं तपासायला आले. मुख्याध्यापकांनी चष्मा लावला, पडद्यापाशी वाकले.

"हे काय उडतंय?"

"रक्त."

"हिरवं?"

"हो सर."

त्यांनी विचार केला. खरंच केला, मी तोंडाकडे बघत होतो. मग म्हणाले, "हिरवं असेल तर हरकत नाही."

"पालकाची भाजी समजा सर," ती म्हणाली.

मुख्याध्यापक हसले नाहीत. समोरच्या गृहस्थानं मान डोलावली आणि म्हणाला, "आता कसं संस्कारांत बसतं." ते गेल्यावर ती इतकी हसली की टोकनांचा डबा मांडीवरून खाली गेला. माणसं तशीच हाणत होती एकमेकांना, तेवढंच, फक्त आता पालक उडत होता. बोळाचं समाधान झालं.

आता त्या गृहस्थाच्या घरचं सांगतो. संध्याकाळी तो कामावरून आला की त्याच्या खिडकीतून आवाज यायचा. पट्ट्याचा आवाज वेगळा असतो, हाताचा वेगळा. आधी मुलाला, मग मधे पडली म्हणून बायकोला. मुलगा विशीतला, दोनदा नापास झालेला. त्या वर्षांत पेठेतल्या प्रत्येक बापाला मुलगा कॉम्प्युटरमध्ये हवा होता. कोपऱ्याकोपऱ्यावर क्लास निघाले होते, अमेरिकेला पोचवण्याच्या पाट्या होत्या. याला ते जमत नव्हतं. जमत नाही म्हणून मार, मार खाऊन आणखी जमत नाही.

आवाज सुरू झाला की बोळातले रेडिओ मोठे व्हायचे. आमच्याकडे लहान पोरं असायची, त्यांच्या कानावर जाऊ नये म्हणून ही मशीनचा आवाज वाढवायची. दुसऱ्या दिवशी कुणीतरी हमखास दारात. "काय हो, तुमच्या मशीनच्या आवाजाचा त्रास होतो." त्या दुसऱ्या आवाजाचा त्रास झाला म्हणून कुणी कधी आलं नाही.

एकदा ही समोर त्यांच्याकडे वर गेली होती. दार त्यानंच उघडलं. हसून म्हणाला, "वहिनी, चहा घेणार?" ही म्हणाली, "मुलगा मोठा झाला. आता हात आवरा." तो तसाच हसत म्हणाला, "घरचा प्रश्न आहे. तुम्हाला मुलं असती तर कळलं असतं." ती खाली आली आणि मशीनच्या काचा पुसत बसली.

तो मुलगा संध्याकाळी आमच्याकडे येऊन बसायचा, बाप घरी यायच्या सुमाराला. याच टेबलावर. यात एक साधा गेम होता. शिडीवर चढायचं, फळं गोळा करायची, वरून पिंप येतं ते चुकवायचं. दुसऱ्या बाजूला कुणी नसलं तर ही स्वतः बसायची. तिला येत नव्हतं, तिचा माणूस पहिल्याच शिडीवरून पडायचा. मुलगा म्हणायचा, "काकू, पिंप आलं की उडी मारायची, डोळे मिटायचे नाहीत." एकदा मारामारीचं मशीन मोकळं होतं. ही म्हणाली, "अरे, ते खेळ की आज. एरवी नंबर लागत नाही."

"नको काकू," तो म्हणाला. "ते घरी आहे."

एवढंच बोलला आणि टोकन घातलं.

खून झाला त्या दिवशी बापानं आईला केसाला धरून भिंतीवर आपटलं. मुलानं खलबत्त्यातला बत्ता उचलला आणि एकदा मारला. एकदाच. बाप तिथेच गेला. हे सगळं आईनं नंतर आमच्यापुढे बसून सांगितलं, कोर्टापुढे नाही. मुलगा जिना उतरून सरळ आमच्याकडे आला. चपला बाहेर काढल्या. मोरीवर जाऊन हात धुतले. आम्हाला वाटलं, रोजच्यासारखा आला. टेबलाशी बसला आणि काचेवर डोकं टेकवलं. टोकन मागितलं नाही. हिनं पाणी दिलं. वरून आईची किंकाळी आली तेव्हा आम्हाला कळलं.

हे हात धुणं आणि येऊन बसणं त्याला फार महाग पडलं. पेपरात आलं, बापाचा खून करून मुलगा शांतपणे हात धुऊन गेम खेळायला बसला. शेजारी आमच्या मारामारीच्या मशीनचा फोटो. फोटोत रक्त लाल होतं, कुठून मिळवलं त्यांनाच ठाऊक. आमच्याकडे ते हिरवं होतं.

आणि बोळाला एकदम सुटल्यासारखं झालं. मला दुसरा शब्द सापडत नाही. ज्यांनी वर्षानुवर्षं रेडिओ मोठे केले, ती माणसं दारात येऊन पोलिसांना, पेपरवाल्यांना सांगायला लागली. गेमचं वेड हो. इतका सुसंस्कृत बाप, आणि हे बघा. स्वतःला पोर नाही म्हणून दुसऱ्यांची बिघडवते. हे शेवटचं एका बाईनं हिच्यासमोर म्हटलं. हिनं तिच्या मुलाला आदल्याच आठवड्यात ताप बघून घरी पोचवला होता.

काही दिवसांनी दुपारी ती आई वकिलाला घेऊन आमच्याकडे आली. पांढऱ्या कपाळाची, एका डोळ्याखाली अजून काळं. मी दार लावून घेतलं. वकील म्हणाला, मुलाला गेमचं वेड होतं, त्यात भान गेलं, असं कुणी जबाबदार माणसानं सांगितलं तर शिक्षेत काही फरक पडू शकेल.

मी म्हणालो, "अहो, बाप रोज मारायचा ते सांगा ना. सगळा बोळ साक्षीला आहे."

वकिलानं त्या बाईकडे पाहिलं. ती म्हणाली, "भाऊजी, मुलगी उजवायची आहे अजून. बाप असा होता म्हटल्यावर तिला कोण करून घेईल? गेलेल्या माणसाचं नाव कशाला खराब करायचं."

"आणि बोळ काही येत नाही साक्षीला," वकील म्हणाला. "मी विचारून आलो. कुणी काही ऐकलेलं नाही."

मग ती बाई स्टुलावरून उठली आणि हिच्या पायाशी बसली. हिचे दोन्ही हात धरले. "वहिनी, तेवढं बोला. माझं एवढं करा. पुढे मी त्याला सांगेन सगळं. जन्मभर विसरणार नाही."

मी रात्री जेवताना म्हणालो, खोटं बोलू नकोस. ती म्हणाली, "मशीनं काय, भंगारात विकता येतात. पोरगं विकता येत नाही."

कोर्टात ती उभी राहिली. शपथ घेऊन म्हणाली, तो दिवसभर मारामारीचा गेम खेळायचा, त्याला भान राहायचं नाही, हाक मारली तरी कळायचं नाही. मुलाकडे बघत नव्हती. मुलगा तिच्याकडे बघत होता. मी मागच्या बाकावरून त्याचं तोंड पाहिलं. बापाच्या माराला कधी असं तोंड केलं नसेल त्यानं.

न्यायाधीशांनी एकच विचारलं. "तुमच्याकडे इतकी मुलं खेळतात. आणखी कुणी कुणाला मारलं का?"

तिला एवढंच सांगायचं होतं, की हो, मारामाऱ्या होतात. वकिलानं तसं घोकून घेतलं होतं. पण प्रश्न सरळ आला तर ती सरळच बोलायची.

"नाही," ती म्हणाली. "माझ्याकडे शिवीसुद्धा चालत नाही."

संपलं. जन्मठेप झाली. साऱ्या पुण्यात एकट्या न्यायाधीशांना खरं कळलं, की हा खून गेमचा नाही, आणि शिक्षा नेमकी त्यांच्या हातात होती. कशाचा आहे, ते मात्र त्यांच्यापुढे कुणी ठेवलंच नाही.

खोटं कोर्टात चाललं नाही, पण बाहेर जोरात चाललं. तिचीच वाक्यं पेपरात छापून आली. गेमवाल्या बाईनेच कबूल केलं, म्हणून. मोर्चा निघाला, निवेदनं दिली गेली, पोलीस दुकानादुकानांतून फिरले. आसपासच्या पेठांतली गेमची दुकानं बंद झाली. शनिवार पेठेत एक जण अपंग भावाला घेऊन दोन मशीनं चालवायचा, तो येऊन दारात उभा राहिला. "वहिनी, तुमचं काय वाकडं केलं होतं आम्ही?" ही म्हणाली, "बसा, चहा टाकते." तो बसला नाही. आमची मशीनं भंगारवाल्यानं हातगाडीवर नेली. हे टेबल तेवढं तिनं ठेवून घेतलं. मी विचारलं, कशाला? म्हणाली, जेवायला होईल.

ती एकदाच येरवड्याला त्याला भेटायला गेली. मी बरोबर होतो. तो आला, बारीक झाला होता.

"काकू, मी ते मशीन कधी खेळलो?"

"नाही रे बाळा."

"मग?"

ती सांगू शकली असती. एक वाक्य. ती जाळीला धरून उभी राहिली आणि म्हणाली, "जेवतोस ना वेळेवर?" तो वळून आत गेला. पुन्हा भेटायला त्यानं नकार दिला.

बसमध्ये मी चिडलो. म्हणालो, आईचं नाव का नाही घेतलंस? ती म्हणाली, "आत त्याला आई सोडून आहे कोण? तीही काढून घेऊ? आणि आपण सांगितलं तर त्याला चुगली वाटणार. तिनं स्वतः सांगितलं तर खरं वाटेल. सांगेल ती. शब्द दिलाय."

त्या बाईनं आधी बोलणं कमी केलं, मग थांबवलं. बोळात ती आता तेच सांगत होती जे सगळे सांगत होते, गेमनं घात केला. त्याच गोष्टीवर मुलीचं लग्न झालं. समोरची जुनी इमारत पडली, नवी झाली, लिफ्ट आली, ती बाई तिसऱ्या मजल्यावर राहायला गेली. मुलगा शिक्षा भोगून सुटला. बोळात आला नाही. शहराबाहेर कुठल्या गोदामात कामाला आहे, असं ऐकलं. ही रोज खिडकीत बसायची, पण तो कधी दिसला नाही. भाजीच्या गाडीवर त्या दोघी शेजारी उभ्या राहायच्या, एकाच ढिगातले टोमॅटो निवडायच्या. ही म्हणायची, "सांगितलंस का?" ती म्हणायची, "योग्य वेळ आली की." नंतर नंतर तेवढंही बोलायची नाही, टोमॅटो ठेवून निघून जायची.

मधे एकदा मुख्याध्यापक पेढे घेऊन आले. आता काठी घेऊन चालायचे. नातू हिंजवडीला मोठ्या कंपनीत लागला होता.

"गेम बनवते हो कंपनी! साऱ्या जगात जातात. हा चित्रांचं बघतो. जखमा, रक्त वगैरे अगदी खऱ्यासारखं."

"कुठल्या रंगाचं?" हिनं विचारलं.

"काय कुठल्या रंगाचं?"

"रक्त."

"लाल! रक्त लालच असणार की." आणि ते हसले. त्यांना काही आठवत नव्हतं. ती माणसं खोटी नसतात, विसरतात. हिनं पेढा खाल्ला आणि म्हणाली, "चांगलेत. कुठले?"

ती गेली त्या दिवशी पुतण्या चिंचवडहून आला, त्यानं सगळं पाहिलं. दिवेलागणीनंतर आम्ही विद्युतदाहिनीवरून परत आलो. बोळातली माणसं दारापर्यंत येऊन गेली. मुख्याध्यापकांच्या घरचं कुणीतरी म्हणालं, फार हौशी होत्या काकू, मुलांसाठी ते गेमचं दुकान वगैरे. जणू दुकान आपलं आपण बंद पडलं.

घरात चूल पेटायची नव्हती. शेजाऱ्यांनी पिठलं-भात आणून द्यायचा असतो. दार वाजलं, उघडलं तर समोरची ती बाई. हातात पातेलं, वर ताट झाकलेलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा आमच्या उंबऱ्याशी. आत आली नाही. टेबल बघून थबकली.

"हे अजून आहे?"

"आहे."

पातेलं माझ्या हातात देऊन ती गेली. पुतण्यानं जेवायला लावलं. मी जेवलो. पिठलं चांगलं होतं, ते कबूल करतो. घास गिळताना एकच येत होतं मनात. हे पातेलं पोचवायला उद्या जावं लागेल, आणि उद्या ही जाणारच होती. पुतण्या म्हणाला, अस्थी दुपारी मिळतील, मी येतो, आणि घरी गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो, पातेलं घासलं, पुसलं. आपण कुणाचं भांडं रिकामं परत करत नाही, साखर तरी घालतो. पण सुतकाच्या घरचं कुणी घेत नाही, म्हणून रिकामंच नेलं. लिफ्टनं तिसऱ्या मजल्यावर गेलो. दार तिनंच उघडलं.

"भाऊजी, अहो सुतकात कशाला आलात? मी नेलं असतं."

"भांड्यासाठी नाही आलो. ती आज तुमच्याकडे येणार होती. ती येऊ शकत नाही, म्हणून मी आलो."

तिनं दार पूर्ण उघडलं. मी आत गेलो नाही, दारातच उभा राहिलो. ती भिंतीला टेकली. म्हातारी झाली आहे, गुडघे वाकलेत. कोचावर मोबाईल होता, प्लास्टिकच्या पिशवीत नीट घालून ठेवलेला.

"त्याला सांगा," मी म्हणालो. "आज सांगा. एक वाक्य आहे."

"महिन्यातून एकदा फोन करतो तो," ती म्हणाली. "जेवलीस का, विचारतो. गोळ्या घेतल्यास का, विचारतो. दोन मिनिटं. तेवढंच आहे माझ्याकडे."

"मग त्यात सांगा."

"सांगितलं की तेही राहणार नाही."

"तो माझ्या बायकोला खोटारडी समजतो. ती तशीच गेली."

"माहीत आहे मला."

"तुम्ही शब्द दिला होता. माझ्या घरात, तिचे हात धरून."

"दिला होता." ती रडत नव्हती. रडली असती तर मला बरं वाटलं असतं. "पण भाऊजी, ती गेली. तिला आता काय फरक पडणार आहे? मला अजून दिवस काढायचेत."

"नंबर द्या. मी सांगतो."

ती कोचापाशी गेली, बसली आणि मोबाईलवर पदर टाकला. लहान मूल दुसऱ्याला द्यायचं नसलं की घेतात तसा जवळ घेतला.

मी शिवी द्यायलाच गेलो होतो, हे खरं. कोर्टापासून साठवून ठेवलेली होती. पण त्या बाईला आयुष्यभर सगळ्यांनी मारलं होतं, आणि आता तिच्याकडे दोन मिनिटं उरली होती. ती मी तरी कशी काढून घेऊ? आणि तिच्याकडून काढून घेतली नाहीत तर माझ्या बायकोला काय देऊ? यातून मला वाट दिसली नाही. अजून दिसत नाही. पातेलं दाराशी ठेवलं आणि जिन्यानं खाली आलो. लिफ्टची आठवणच राहिली नाही.

घरी कुणी नव्हतं. टीव्हीवर अजून तेच चालू असेल म्हणून लावला नाही. टेबलाखाली शेंगांची पिशवी तशीच होती, थोडी सुकलेली. मी तिच्या बाजूच्या स्टुलावर बसलो, ताट पुढे ओढलं आणि सोलायला लागलो. एक दाणा उडून खाली गेला. मी जरा थांबलो. मग पुढची शेंग घेतली.